खोक्यावरचा हवालदार

पुणे, ४ ऑगस्ट २००३

तीर्थरूप काकाजी,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. तुमच्या मिशांना वेगळा.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण वडनेरात फोन म्हणजे हिरालालचा एसटीडी बूथ. तिथे तुम्ही "काय म्हणतं?" म्हणून ओरडलात की बसस्टॉपवरच्या माणसालाही कळतं मी काय म्हणते. आणि विषय जरा घरातला आहे.

माझी कंपनी नक्की काय करते हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. आईलाही नाही. ती सेवाग्रामच्या दवाखान्यात बाकीच्या नर्सना सांगते, की पोरगी कॉम्प्युटर दुरुस्त करते. तर आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ बनवतो. माझं काम म्हणजे तयार होत असलेला खेळ दिवसभर खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या. त्यासाठी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, हे काकूंना सांगू नका.

नवा खेळ एकाहत्तरच्या लढाईचा आहे. आमचे धीरज सर म्हणाले, बाहेरच्या देशांत अशा खेळांच्या खोक्यावर निवृत्त सैनिकाचं नाव छापतात. त्याने खेळाला वजन येतं. असा कोणी आपल्या माहितीत आहे का? माझा हात आपोआप वर गेला.

बाबा गेल्यावर मी तुमच्याकडे वाढले. ताट समोर आलं की मी तोंड फिरवायची, आणि तुम्ही बांधावरच्या बंकरची गोष्ट सुरू करायचे. कालवा, त्याचा बांध, बांधावरच्या बंकरातली मशिनगन, पाण्यात अडकलेली आपली माणसं. तुम्ही कडेकडेने सरपटत गेलात आणि डाव्या हाताने ग्रेनेड आत टाकला. मीटिंगमध्ये मी तीच गोष्ट सांगितली. एकाने चहाचा कप तोंडापाशी नेला होता, तो तसाच राहिला.

त्यांना तुमचं नाव, एक फोटो आणि ही गोष्ट हवी आहे. खेळातला मुख्य सैनिक तुम्ही. करारपत्र सोबत आहे. सही करून पाठवा.

तुमची,
ज्योत्स्ना

*

वडनेर, १६ ऑगस्ट २००३

चि. ज्योत्स्नाले खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तवा मी दाढी करून राह्यलो होतो. वाचता वाचता एक गाल तसाच राह्यला. काकूनं जेवताना सांगतलं, तोवर अख्खा बाजार फिरून आलतो.

मी साधा माणूस. मले नाव-गाव, प्रसिद्धी काही नको. फोटो तीन पाठवून राह्यलो. एक समोरून, एक बाजूनं, एक मेडल लावून. जो बरा दिसन तो घेजो. मेडल लावलेला बरा दिसते.

गोष्ट गुप्त ठेवायची म्हणून फक्त सरपंच महादेवरावले सांगतली. त्यांनी ती काल झेंडावंदनाले माइकवरून सांगतली. मले दरवर्षी पहिल्या रांगेत खुर्ची असतेच, काल तिच्यावर चादर टाकली होती. हिरालालनं बूथच्या काचेवर लिहून ठेवलं, "कॉम्प्युटरचे हवालदार येथूनच फोन करतात." मी त्याच्या बूथवर महिन्यातून एकदा जातो, तेही सुट्टे मागाले.

करारावर सही केली. जिथं नव्हती पाहिजे तिथंही केली.

काकू म्हणते, "नाव द्या, पण फार तोंड उघडू नका." काऊन म्हणते ते तिले ठाऊक. बायकांले नवऱ्याची बढती सहन होत नाई.

तुझा,
काकाजी

*

पुणे, २० सप्टेंबर २००३

तीर्थरूप काकाजी,

मेडलवाला फोटो सगळ्यांना आवडला. चित्र काढणाऱ्या मुलाने तुमचं पोट काढून छातीवर लावलं आहे. मिशी तीच आहे.

सोबत चाळीस प्रश्नांची यादी पाठवते. कंटाळा करू नका. रायफल कशी भरायची, बंकर किती उंच होता, मशिनगनचा आवाज कसा यायचा, थंडीत हात कसे चालायचे, सैनिक काय खायचे, असं सगळं विचारलं आहे.

एक प्रश्न यादीत नाही, तो माझा आहे. ग्रेनेड तुम्ही डाव्या हाताने टाकलात हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण तुम्ही जेवता उजव्या हाताने, लिहिता उजव्या हाताने, मला एकदाच मारलं तेही उजव्या हाताने. खेळातल्या माणसाची हालचाल बसवणारा मुलगा विचारत होता, हे डावखुरे आहेत की नाहीत? मी म्हटलं, विचारून सांगते.

ज्योत्स्ना

*

वडनेर, १९ ऑक्टोबर २००३

चि. ज्योत्स्ना,

उशीर झाला. दिवाळीची सफाई होती, चश्मा सापडत नव्हता, अन् प्रश्नही जरा लष्करी होते.

रायफल कशी भरायची ते पत्रात लिहिता येत नाई. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न हाय. बंकरची उंची मी मोजली नाई, टेप नव्हता. मशिनगनचा आवाज मोठा येते.

सत्तावीस नंबरचा प्रश्न, सैनिक काय खात होते, त्याचं उत्तर वेगळ्या सहा पानांवर लिहिलं हाय. शंभर माणसांची पुरी कशी मळायची, कणकेत रवा किती, धूर दिसू नाई म्हणून चुल्हा खड्ड्यात कसा पेटवायचा, वरण पुढच्या मोर्च्यावर जाईस्तोवर गरम कसं ठेवायचं, अन् दुधाच्या पावडरीच्या गुठळ्या कशा मोडायच्या. तुमच्या खेळात ह्याचा उपयोग होईन असं मले वाटते. उपाशी माणूस लढत नाई.

डाव्या हाताचं असं हाय की उजव्या हातात रायफल होती. साधी गोष्ट हाय. त्या पोराले सांग, लढाईत जो हात मोकळा असते तोच वापरावा लागते.

आता जास्त प्रश्न पाठवू नको. जुन्या गोष्टी उकरल्या की माणसाले त्रास होते.

काकाजी

*

पुणे, १४ डिसेंबर २००३

तीर्थरूप काकाजी,

तुम्हाला त्रास दिला त्याबद्दल माफ करा. मी धीरज सरांना सांगितलं, की खरे सैनिक असेच असतात. स्वतःच्या पराक्रमाबद्दल दोन ओळी लिहितात आणि दुसऱ्यांच्या जेवणाबद्दल सहा पानं. सरांनी ती सहा पानं फळ्यावर लावली आहेत.

खेळ जवळजवळ तयार आहे. खरं सांगू? मी रोज तुम्हाला मारते. म्हणजे तुम्ही बांधावर चढता, मी मुद्दाम चुकीच्या ठिकाणी नेऊन बघते, तुम्हाला गोळी लागते, पडता, पडदा लाल होतो, आणि बटण दाबलं की पुन्हा कालव्याशी उभे. मागच्या आठवड्यात चारशे वेळा मेलात. एकदा बांधात अर्धे रुतून बसलात आणि फक्त मिशी बाहेर. ती चूक मी शोधली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खोकी छापून आली. तुमचा फोटो आणि खाली "सत्य घटना. हवालदार रूपराव कामडी यांच्या शब्दांत."

आता मुख्य गोष्ट. २४ जानेवारीला पुण्यात मोठा कार्यक्रम आहे. तुम्ही आणि काकू यायचं. वर्तमानपत्रवाले येतील. सरांनी एक निवृत्त अधिकारीही बोलावले आहेत, ते मंचावर तुमच्याशी लढाईविषयी बोलतील. आणि एक जुनी रायफल तुम्ही लोकांसमोर उघडून पुन्हा जोडून दाखवायची. हा विचार माझा. तुमच्यामुळे मला नव्या खेळाची मुख्य करणार आहेत. तिकिटं सोबत.

ज्योत्स्ना

*

वडनेर, २२ डिसेंबर २००३

चि. ज्योत्स्ना,

पाठीत उसण भरली. हलता येत नाई. कार्यक्रमाले येणं होत नाई. काकूलेही येणं होत नाई, तिले माझी पाठ पाहा लागते. तिकिटं परत पाठवतो.

काकाजी

*

पुणे, ३० डिसेंबर २००३

तीर्थरूप काकाजी,

काळजी करू नका. मी सरांशी बोलले. तुमची पाठ पुण्याला येऊ शकत नसेल तर आम्हीच येतो. कार्यक्रम हिंगणघाटला ठेवू. अधिकारी साहेब म्हणाले, मला चालेल, तुमच्या पलटणीतली दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांनाही आणतो. रायफल गाडीत टाकून आणू.

तुम्ही फक्त खुर्चीवर बसायचं.

ज्योत्स्ना

*

वडनेर, ११ जानेवारी २००४

चि. ज्योत्स्ना,

पाठीची उसण खोटी होती. एवढं लिहिलं तर आता बाकीचंही लिहितो.

मी फौजेत लांगरी होतो. लांगरी म्हणजे पलटणीचा सैपाकी. सतरा वर्ष. हवालदार झालो तो लंगरातच झालो. मेडल खरं हाय, पण ते त्या लढाईत जो जो हजर होता त्या सगळ्यांले भेटलं. रायफल मी ट्रेनिंगमध्ये चालवली होती. माझ्या पाच गोळ्या बाजूच्या माणसाच्या निशाण्यावर लागल्या, अन् त्याले शाबासकी भेटली.

बांधावरची गोष्ट खरी हाय. पण तो मी नाई. तो चंद्रभान उरकुडे, गिरडचा. आमच्या पलटणीत वर्धा जिल्ह्याचे आम्ही दोघंच. तो डावखुरा होता. बंकरपर्यंत सरपटत गेला तो तो, ग्रेनेड टाकला तो त्यानं, मशिनगन बंद केली ती त्यानं. पोटात गोळी लागली होती, तशातच. हे मी पाह्यलंही नाई. मी दोन मैल मागं कांदे कापून राह्यलो होतो. दुपारी चहाचे डबे घेऊन बांधावर गेलो तवा पोरांनी सांगतलं. तवा तो कंबलीखाली होता. मी चहा वाटला. माझं काम तेच होतं.

मंग ही गोष्ट माझी कशी झाली ते ऐक. त्र्याहत्तरमध्ये सुट्टीवर आलतो, तुझ्या काकूले पाहाले गेलो. घर भरलेलं. तिच्या वडलांनी इचारलं, "लढाईत काय केलं तुमी?" खरं सांगाचं तर उत्तर होतं, "वरण." मी तोंड उघडलंही. तेवढ्यात दाराआड बांगड्या वाजल्या. अन् माझ्या तोंडून चंद्रभानची गोष्ट बाहेर आली, माझी म्हणून. फक्त शेवट बदलावा लागला. मेलेला नवरदेव कोणाले पाहिजे?

मले वाटलं एक दिवसाचं खोटं हाय. पण सासऱ्यानं ते लग्नात सांगतलं, वऱ्हाड्यांनी वडनेरात आणलं, अन् शाळेनं खुर्ची देली. त्या खुर्चीवरून उठाचं कसं ते मले समजलं नाई. पेन्शनीवर आलो तवापासून घरात कधी चहाही केला नाई, हात पाहून कोणी ओळखन म्हणून. तुझी काकू वांग्याची भाजी करते तवा फोडणी जळते, ते मले वासावरून समजते, अन् मी वीस वर्ष पेपर वाचत बसतो. माझ्यासारखा घाबरट माणूस तुमच्या खेळात बांधावर चढते, हे वाचून मले हसू आलं. मंग हसू थांबलं.

काल पहिले काकूले सांगतलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवला नाई. म्हणे, "पेन्शनच्या कागदावर लिहिलं हाय. मले वाचता येते."

"मंग आजवर बोलली काऊन नाई?"

"पोरीले गोष्ट सांगत तुमी, तवा ती जेवत होती. मले काय, कोणाच्या का गोष्टीनं होईना, पोरगी जेवली पाहिजे."

दोन एसट्या बदलल्या की गिरड येते. चंद्रभानच्या घरी बत्तीस वर्षांत मी एकदाही गेलो नाई. काय तोंडानं जाऊ? त्याची गोष्ट नेली होती ना मी.

तुझ्या नोकरीचं नुकसान होईन. तुले वाटन ते शिव्या दे. खाली जागा सोडली नाई, वेगळा कागद घेजो.

काकाजी

*

पुणे, १९ जानेवारी २००४

काकाजी,

पत्र पोचलं. चार दिवस मी ऑफिसात खेळ उघडलाच नाही. तुम्ही लांगरी होतात म्हणून नाही. मी ती गोष्ट मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितली म्हणून. सगळ्यात जास्त राग मला माझाच आला. सहा पानं कणकेबद्दल वाचूनसुद्धा मला कळलं नाही! चुका शोधायची नोकरी आहे माझी.

धीरज सरांना पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे खरा माणूस मेला? हे तर जास्त चांगलं आहे. त्याचं नाव टाकू. शहीद." त्यांचा स्वभाव वाईट नाही, काकाजी, पण ते शब्द मला ऐकवले नाहीत. आणि तरीही वाटलं, निदान नाव तरी ज्याचं त्याला मिळेल.

कार्यक्रम रद्द केला. अधिकारी साहेबांना तुमच्या पाठीचंच कारण सांगितलं. तेवढी एकदा ती उसण कामाला आली.

चंद्रभान यांच्या घरच्यांची परवानगी लागेल. फॉर्म सोबत आहे. तुम्ही स्वतः गिरडला जा. चिठ्ठी पाठवू नका, कोणाला मध्ये घालू नका. माझ्या नोकरीचं काय होईल ते माहीत नाही. ते मनाला लावून घेऊ नका असं लिहिणार होते. पण नाही. घ्या थोडं.

ज्योत्स्ना

*

वडनेर, ३ फेब्रुवारी २००४

चि. ज्योत्स्ना,

सगळं घडलं तसं लिहितो.

गिरडले जायच्या आधी मले वाटलं, गावात सांगून जावं, नाई तर जातानी पाय मागं ओढतीन. म्हणून २६ जानेवारीले झेंडा झाल्यावर माइक मागतला. महादेवरावले वाटलं मी तुमच्या खेळाविषयी बोलणार, त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मी सांगतलं, मी लांगरी होतो, बंकर माझा नाई, गिरडच्या चंद्रभान उरकुडेचा हाय. मंग मागून आवाज आला, "मंग काकाजी, बुंदी येते का तुम्हाले?" मी म्हटलं येते. हिरालालच्या नातीचं, रुचिकाचं लग्न हाय पुढल्या महिन्यात. त्यानं तिथंच मले आचारी ठरवलं. इज्जत जाते म्हणून तीस वर्ष झोप लागली नाई, अन् ती पाच मिनटात गेली, वरून कामही भेटलं.

गिरडले दुपारी उतरलो. घर इचारलं नाई. आधी टेकडीवर दर्ग्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तिथून सारं गाव दिसते. एक तास बसलो. एका फुलवाल्यानं इचारलं, "कोणासाठी आले?" उठलो.

चंद्रभानचे आईबाप केव्हाच गेले. बहीण हाय, कोकिळाबाई. साठीच्या जवळ असन. नवरा गेल्यावर माहेरच्याच घरी राह्यते, शेती तीच पाह्यते. अंगणात तुरीच्या पेंढ्या लागल्या होत्या. मी नाव सांगतलं, पलटण सांगतली. तिनं खाट टाकली, पाणी आणलं. म्हणे, "इतक्या वर्षांत त्याच्या पलटणीतून कोणी आलं नाई." ज्योत्स्ना, तो गिलास मी तसाच खाली ठेवला.

मंग सारं सांगतलं. बांधाचं, चहाचं, मुलगी पाहाले गेलतो त्याचं. ती ऐकत होती अन् तुरीच्या काड्या मोडत होती. मी म्हटलं, "बाई, तुमच्या भावाची गोष्ट मी चोरली."

ती म्हणे, "डाव्या हातानंच टाकला म्हणता?"

"हो."

"माय त्याच्या डाव्या हातावर लाटणं मारे. जेवताना तोच हात पुढं करे तो." अन् तिनं डोळ्याले पदर लावला. मले शिवी देईन म्हणून मी तयारीत होतो. दिली असती तर बरं झालं असतं.

फॉर्म काढला. तुमचा खेळ समजावून सांगतला, जसा मले समजला तसा. तिनं एकच इचारलं, "त्याच्यात तो मरते का?"

मी म्हटलं, "मरते. मंग बटण दाबलं की उठते."

"किती वेळा?"

"खेळणाऱ्यावर हाय. आमच्या ज्योत्स्नानं आठवड्यात चारशे वेळा मारलं मले."

तिनं हातातली काडी खाली ठेवली. मंग म्हणे, "कागद अन् पेन द्या. त्या पोरीले मीच लिहितो." ते पत्र सोबत हाय. मी वाचलं नाई. तिनं पाकीट डिंकानं बंद करून माझ्या हातात देलं, अन् बरोबर केलं.

काकाजी

*

गिरड, ३१ जानेवारी २००४

ज्योत्स्नाबाईले कोकिळाचा नमस्कार.

तुमचे काका आलते. त्यांनी सारं सांगतलं. मले त्यांचा राग आला, पण म्हातारा माणूस घामानं भिजून गेलता, मंग काय बोलाव. येवढ्या वर्षात मले पह्यल्यांदा समजलं का माझा भाऊ कसा गेला. सरकारचा कागद आलता, त्यात दोन ओळी होत्या. माय तो कागद उशीखाली ठेवे. तिले वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखो.

फारम मी भरला नाई. तुमी चांगल्या मनानं नाव टाकून राह्यल्या, ते समजते मले. पण तुमच्या खेळात माणूस मरते अन् उठते म्हणतात. आमचा उठला नाई. माय दोन वर्ष दारात पाहे, त्याले तसं उठता आलं असतं तर तवाच उठला असता. आता कोणाच्या घरी पोरं त्याच्या नावानं त्याले पाडतीन, हासतीन, पुन्हा पाडतीन. ते नको बाई. तो एक डाव मेला, तेवढं बस झालं.

मारासाठी कोणी लागतच असन तर या रूपरावभाऊचंच नाव राहू द्या. ते जिते हायेत. त्यांले चालते का ते इचारा.

गिरडले या कधी. टेकडी पाहून जा.

कोकिळा

*

पुणे, २८ मार्च २००४

तीर्थरूप काकाजी,

कोकिळाबाईंचं पत्र मी धीरज सरांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. त्यांनी हाक मारली तेव्हा पत्र घडी घालून पाकिटात परत ठेवलेलं होतं. म्हणाले, "मी ते शब्द बोलायला नको होते." मग आम्ही बसून ठरवलं.

बांध काढून टाकला. कालवा, बंकर, डावा हात, सगळं. त्या जागी कुठल्याच देशात नसलेली एक टेकडी आहे आणि कधीच न झालेली लढाई. माझ्याच हातांनी चंद्रभान यांची गोष्ट खेळातून पुसली. एवढं मन लावून केलेलं काम पुसताना इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

खोकी मात्र छापून पडली होती. तेव्हा "सत्य घटना" या शब्दांवर आम्ही सहा जणांनी बसून पट्ट्या चिकटवल्या. पट्टीवर छापलं आहे, "काल्पनिक". तुमचं नाव तसंच आहे, पण खाली आता लिहिलं आहे, "माजी लांगरी". एका दुकानदाराने विचारलं, हे काय पद असतं? मी म्हटलं, सगळ्यात मोठं.

नव्या खेळाची मुख्य दुसरी मुलगी झाली. नोकरी आहे.

आता तुम्हाला खरंच विचारते, मागच्या वेळी विचारलं नव्हतं. मुलं तुम्हाला मारतील. रोज, कुठल्या कुठल्या गावांत, हसत हसत. चालेल का?

ज्योत्स्ना

*

वडनेर, ६ एप्रिल २००४

चि. ज्योत्स्ना,

मारा. फौजेत होतो तवा माझ्यावर कोणी एक गोळी वाया घालवली नाई. तेवढी हौस तरी पुरी होईन.

अन् पोरी, तुझी बढती माझ्यामुळं गेली. त्यावर लिहाले मले जमत नाई. उन्हाळ्यात येजो. काकूनं आता सैपाकघर माझ्या हाती देलं हाय अन् स्वतः पेपर वाचते. मोठ्यानं वाचते, मले ऐकू जावं म्हणून. काल वरणात मीठ जास्त झालं तर म्हणे, "हवालदार, निशाणा चुकला."

काकाजी

*

वडनेर, १२ डिसेंबर २००४

चि. ज्योत्स्ना,

परवा गिरडले जाऊन आलो. कोकिळाबाईचा निरोप आलता, चंद्रभानच्या तिथीले या म्हणून. काकूही संग होती. दोघी बाया पाच मिनटात बहिणी झाल्या, अन् मले कोणी इचारेना. मी आपला चुलीपाशी जाऊन बसलो. पन्नास एक माणसाचं जेवण होतं. कोकिळाबाई म्हणे, "पाव्हण्यानं कायले करावं?" काकू म्हणे, "करू द्या. बत्तीस वर्षाचं काम बाकी हाय त्यांच्याकडे."

माणसं जेवून गेली. सावली अंगणात उतरली होती. मी भांडे उपडे घालत होतो, तवा कोकिळाबाई जवळ येऊन बसली. म्हणे, "भाऊ, एक इचारू? मागच्या खेपी इचाराचं राह्यलं. मायनं मरेपर्यंत एकच गोष्ट इचारली. गावात कोणी फौजी आला का त्याले इचारे. कोणाले सांगता आलं नाई."

"काय?"

"तो त्या दिवशी उपाशी गेला का?"

ज्योत्स्ना, पलटणीत सहाशे माणसं होती. साहेब होते, सुभेदार होते, त्याच्या बाजूले लढलेले होते. ह्या एका प्रश्नाचं उत्तर त्यातल्या एकालेही ठाऊक नव्हतं. मले होतं.

मी सांगतलं. पहाट होती, धुकं होतं. पुरी अन् आलूची भाजी होती. चंद्रभान रांगेत सगळ्यात शेवटी आला, त्याची ती सवय होती, शेवटी आलं की भाजीचा तळ भेटते म्हणून. डाव्या हातानंच खाल्लं. गरम चहा दोन मग घेतला. मले म्हणे, "रूपराव, आज मीठ बरोबर पडलं." मंग भांडं घासलं अन् गेला.

ती म्हणे, "पोटभर खाल्लं ना?"

"हो बाई."

"किती पुऱ्या?"

माझ्या मनात आलं, आठ म्हणावं. दहा म्हणावं. तिले किती बरं वाटलं असतं. जीभ वळलीही होती, जुनी सवय हाय तिले. काकू समोर बसली होती, ती माझ्या तोंडाकडे पाहून राह्यली होती.

त्यानं पाच खाल्ल्या होत्या. मी पाचच सांगतल्या.

काकाजी